प्रोग्रेसिव्ह रिलोडिंग प्रेस: ९ मिमी काढून .४५ लावायचं, तर नुसती प्लेट बदलून भागतं का?

शिवाजीपार्की
नमस्कार मंडळी. प्रश्न माझा, मशीन मेव्हण्याचं. तो डॅलसला असतो, तिथलाच नागरिक. क्लबात पिस्तूल नेमबाजी करतो आणि झाडलेल्या काडतुसांच्या पितळी केसेस (रिकामी टरफलं) पुन्हा भरतो. मशीन डिलन एक्सएल ७५०. पाच स्टेशनं (प्रत्येकावर एक काम), आपोआप फिरणारी प्लेट, डोक्यावर केसेस एकेक करून खाली सोडणारा केसफीडर. आत्तापर्यंत फक्त ९ मिमी (९×१९) चालू होतं, आता त्यावरच .४५ एसीपी करायचंय. व्हिडिओवाले सगळे 'काही मिनिटांत कॅलिबर (काडतुसाचा प्रकार) बदला' म्हणतात. प्रेस टूल हा माझा रोजचा धंदा, म्हणून दादरला बसून पार्ट्सची यादी आणि कामाचा क्रम मी लावून देतोय.

तीन गोष्टी सांगा. कन्व्हर्जन किट घेतलं की पुरतं, की वर आणखी काही लागतं? खरा वेळ कुठे जातो? आणि दर वेळी बदलत बसण्यापेक्षा .४५साठी दुसरं साधं मशीन कायमचं बांधून ठेवलेलं बरं का?

धागा_राखणदार
सुरुवातीलाच एक सूचना. पावडरचं (केसमध्ये भरायच्या दारूचं) वजन इथे कोणीही लिहायचं नाही, 'माझ्याकडे एवढं चालतं' असंही नाही. तो आकडा पावडर कंपनीच्या चालू मॅन्युअलमधूनच घ्यायचा. असे प्रतिसाद उडवले जातील. बाकी चालू द्या.

खटका
काही मिनिटांतच बदलतं हो. त्यानंतर अर्धा दिवस ते का अडकतंय ते शोधायचं असतं.

पितळेश्वर
किटमध्ये काय येतं ते आधी बघू. शेलप्लेट (केसेस धरणारी फिरती चकती), केसला प्लेटच्या खाचेत धरून ठेवणारे तीन लोकेटर बटण, पावडर फनेल (हाच केसचं तोंड किंचित फुलवतो) आणि केसफीडचे सुटे भाग, म्हणजे अ‍ॅडाप्टर, बुशिंग्ज आणि केस प्लेटमध्ये ढकलणारा कॅम. बस्स.

किटमध्ये जे नसतं ते असं:

डाय सेट. तीन डाय: साइझिंग (केस मूळ मापाला आणणारी), सीटिंग (बुलेट बसवणारी), क्रिंप (केसचं तोंड आवळणारी). आटे ७/८-१४, जवळपास सगळ्या कंपन्यांचे तेच. पिस्तूलच्या सरळ केसला कार्बाइड साइझिंग डाय घ्या, म्हणजे ल्युब (वंगण) लावायची भानगड नाही.

दुसरं टूलहेड (डाय बसवायचा वरचा ठोकळा) आणि त्याच्यासोबत दुसरी पावडर डाय. हे ऐच्छिक म्हणतात, पण माझ्या मते सक्तीचं आहे. एकदा बसवलेल्या डाय टूलहेडमधून सोडवल्या की सगळं सेटिंग पुन्हा पहिल्यापासून. टूलहेड वेगळं असेल तर दोन पिना काढा, जुनं सरकवून बाहेर, नवं आत.

केसफीडरची थाळी. ९ मिमीला स्मॉल पिस्टल प्लेट, .४५ला लार्ज पिस्टल. हिचं कोणालाच सुचत नाही. मग .४५च्या केसेस छोट्या खाचेत आडव्या बसतात आणि मोटर कुरकुरत राहते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: प्रायमर, म्हणजे केसच्या बुडात बसणारी, पावडर पेटवणारी टोपी. ९ मिमीला स्मॉल पिस्टल, व्यास ०.१७५ इंच (४.४५ मिमी). .४५ला रिवाजाने लार्ज पिस्टल, ०.२१० इंच (५.३३ मिमी). म्हणजे प्रायमरची मॅगझिन ट्यूब, स्लाइडमधला कप, पंच आणि प्रायमर उचलायच्या नळ्या, सगळं बदलायचं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही हेच: वेळ प्लेटमध्ये जात नाही, प्रायमरमध्ये जातो.

शिवाजीपार्की
पितळेश्वर, आभार. शेलप्लेटच्या नंबरांचं काय? ९ला ५ नंबर आणि .४५ला १ नंबर असं चार्टवर दिसतंय.

पितळेश्वर
बरोबर. १ नंबर प्लेट .३०८ आणि .३०-०६लाही चालते, बुडाचा व्यास जवळपास तोच. उद्या त्याने रायफल घेतली तर प्लेट हाताशी असेल. पण बाकीचं सगळं निराळं लागेल, त्या भरवशावर राहू नका.

भांडुप_प्रेसशॉप
रिलोडिंग कधी केलेलं नाही, पण स्टेजचं टूल म्हटलं की कळतं. पाच स्टेशन, एक स्ट्रोक, प्रत्येक स्ट्रोकला प्लेट एक खण पुढे. आमच्याकडे प्रोग्रेसिव्ह टूल लावताना पहिली पट्टी आत गेली की सुरुवातीचे काही तुकडे बाजूला काढतो, कारण सगळ्या स्टेजवर माल आल्याशिवाय खरा दाब कळत नाही. इथेही तसंच असावं. एकच केस टाकून डाय सेट केल्या तर आकडा खोटा येईल, नाही का?

पितळेश्वर
अगदी तसंच. एकाच स्टेशनवर केस असेल तर प्लेट त्या बाजूने कलते आणि टूलहेडही आपल्या खाचेत जरा तरंगतं. पाचही स्टेशनं भरली की भार वाटला जातो आणि एकूण लांबी (ओएएल) बदलते. म्हणून सीटिंग डायचं अखेरचं सेटिंग भरलेल्या प्लेटवरच करायचं. काम सुरू करताना पहिली काही आणि संपताना शेवटची काही काडतुसं वेगळी मोजायची, तीच इकडेतिकडे निघतात.

स्क्रूड्रायव्हर_ताई
मंडळी, क्रम कोणीच सांगत नाहीये. मी सांगते, चुकलं तर दुरुस्त करा.

आधी रिकामं करा, मग सोडवा. केसफीडरची वायर काढा. प्लेटवर अर्धवट काडतुसं असतील तर आधी ती पूर्ण करून बाहेर काढा, वाटेत सोडू नका. मॅगझिन ट्यूबमधले प्रायमर बाहेर काढून मूळ खोक्यात परत. हॉपरमधली पावडर तिच्याच डब्यात परत, आणि पावडर मेजर (पावडर मापून टाकणारा भाग) उलटा धरून टकटक करून शेवटचा दाणाही काढा. एवढं झाल्याशिवाय अ‍ॅलन की हातात घ्यायची नाही.

मग टूलहेड. पिना काढून बाहेर, त्याच्या स्टँडवर. पावडर मेजर एकच असेल तर दोन स्क्रू ढिले करून वर उचला. पावडर डाय आणि फनेल त्या टूलहेडवरच राहू द्या.

मग प्लेट. लोकेटर बटणं ओढून काढा. मधल्या बोल्टला लॉक करणारा ग्रब स्क्रू असतो, तो आधी ढिला करायचा. हे विसरून थेट बोल्टला जोर लावला तर ग्रब स्क्रूच्या टोकाने बोल्टचे आटे खराब होतात. प्लेट उचलताना इजेक्टरची तार आणि खालचा इंडेक्सिंगचा बॉल-स्प्रिंग यांच्यावर लक्ष ठेवा, बॉल टेबलाखाली गेला तर सापडणं कठीण. प्लेटखाली जळालेल्या प्रायमरची काळी भुकटी साचलेली असते. ती ओल्या फडक्याने पुसा, फुंकर मारू नका. त्यात शिसं असतं.

नवी प्लेट बसवून बोल्ट आवळा, प्लेट फिरायची थांबेपर्यंत. तिथून अष्टमांश फेरा मागे. हाताने फिरवून बघा. मग ग्रब स्क्रू.

मग प्रायमर, मग केसफीड, सगळ्यात शेवटी पावडर.

अडेलतट्टू
अष्टमांश फेरा सगळ्या मशीनवर चालत नाही. कोणी म्हणतं अष्टमांश, कोणी षोडशांश. कोन बघू नका, प्लेट बघा. बोटाने कडेला दाबल्यावर डुगडुगत नाही आणि तरीही सहज फिरते, तिथे थांबा.

स्क्रूड्रायव्हर_ताई
@अडेलतट्टू मान्य. सुरुवात अष्टमांशापासून करा म्हणू. पण ढिली ठेवण्यापेक्षा थोडी घट्ट परवडते.

अडेलतट्टू
हे मात्र अमान्य. घट्ट प्लेट अडखळते आणि मग एकदम झटक्याने पुढच्या खणात पडते. त्या झटक्याने केसमधली पावडर उडते, विशेषतः ९ मिमीत, कारण ती काठोकाठ भरलेली असते. प्लेटवर सांडलेली पावडर प्रायमरच्या पंचाखाली जाते, मग प्रायमर वर राहतात. ढिल्या प्लेटने प्रायमर तिरके बसतात, घट्टने उंच राहतात. दोन्ही वाईट. बसलेला प्रायमर केसच्या बुडाच्या पातळीखाली असायला हवा. बोट फिरवून बघा, आणि शंका आली तर काडतूस काचेवर उभं करा. डुगडुगलं म्हणजे प्रायमर वर आहे.

पितळेश्वर
दोघांचंही बरोबर. पण एक मुद्दा राहिला, अलाइनमेंट. प्लेट बदलल्यावर केस डायच्या काठावर आदळत असेल तर तो डायचा दोष नाही, प्लेटखालच्या प्लेटफॉर्मचं सेंटर हललेलं असतं. त्यासाठी अलाइनमेंटची पिन मिळते. जोर लावून केस आत घुसवू नका.

गिरगाव_वकील
विषयाला धरून, पण बाजूने. शिवाजीपार्की, तुम्ही पार्ट्सची 'यादी लावून देतोय' म्हणालात म्हणून. शेलप्लेट म्हणजे लेथ-मिलिंगचं काम, साकीनाक्यात कोणीही करून देईल, असं तुमच्या मनात येऊ शकतं. येऊ देऊ नका. शस्त्र कायदा १९५९मधली 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या बघा. काडतुसाचे सुटे भाग आणि दारूगोळा बनवायची यंत्रसामग्री, दोन्ही त्यात येतात. म्हणजे प्रेस हाच कायद्याच्या नजरेत दारूगोळा. कलम ५ उत्पादनाच्या परवान्याचं, कलम १० आयात-निर्यातीच्या परवान्याचं.

शिवाजीपार्की
मनात आलं होतं, खोटं का बोलू! ड्रॉइंगपर्यंत गेलो होतो. बंद करतो. पार्ट्स तो तिथेच घेईल.

भांडुप_प्रेसशॉप
वकीलसाहेब, रिकामी झाडलेली केस कीचेनला लावून फिरतात लोक, त्याचं काय?

गिरगाव_वकील
विमानतळावर बॅगेत सापडली तर स्क्रीनिंगवाला वाद घालत बसणार नाही, बाजूला उभं करेल. शिवाजीपार्की, मेव्हण्याला सांगा, भारतात येताना रेंजची बॅग घरी ठेव. कप्प्याच्या शिवणीत एखादी केस अडकलेली असतेच.

आणखी एक. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला फेडरल परवाना लागत नाही, विकायला लागतो. मात्र एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना काडतूस जवळ बाळगायलाही फेडरल कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. तेव्हा तुमचा मेव्हणा नागरिक आहे म्हणून ठीक. त्याच्याकडे दोन महिने राहायला जाणाऱ्या पाहुण्याने हँडल ओढायची हौस करू नये.

वरळी_रेंज
थोडं अवांतर. आपल्याकडे हा विषय कानावर का येत नाही, त्याचं कारण आहे. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर बहुतेक पोरं १० मीटर एअर रायफल-एअर पिस्तूल करतात. ते ४.५ मिमीचे छर्रे, तिथे पावडर नाही, केस नाही. पुढचा टप्पा .२२, आणि .२२ पुन्हा भरता येत नाही. तिच्यात प्रायमर वेगळा नसतो, मसाला केसच्या बुडाच्या काठात फिरवून भरलेला असतो आणि पिन काठावर आदळते. राहता राहिलं २५ मीटर सेंटर फायर (प्रायमर बुडाच्या मधोमध असलेली काडतुसं). तिथे .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॉडकटर चालतं, ते भरता येण्यासारखं. जसपाल राणाने २००६च्या दोहा एशियाडमध्ये याच सेंटर फायर प्रकारात ५९० गुण करून जागतिक विक्रमाची बरोबरी केली होती. आणि ९ मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, सामान्य परवानाधारकाला मिळतच नाही.

चौकशीखोर
म्हणजे आपल्याकडे कारखान्यातलंच वापरायचं?

वरळी_रेंज
हो. खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी १८६९पासूनची, भुसावळजवळ वरणगावला छोट्या शस्त्रांच्या काडतुसांचा कारखाना. २०२१पासून दोन्ही म्युनिशन्स इंडियाखाली. अवांतर संपलं.

खटका
अवांतर संपलं म्हणणारा माणूस मायबोलीच्या इतिहासात पहिल्यांदा पाहिला.

पितळेश्वर
केसेस निवडण्यावर कोणी बोललं नाही आणि कॅलिबर बदलल्यावरचे निम्मे घोटाळे तिथले असतात. आधी फक्त ९ होतं, तोवर मिसळायला फारसं काही नव्हतं (.३८० सोडून, ती दिसायला आखूड ९ मिमीच). आता .४५ आली की ९ मिमीची केस .४५च्या पोटात जाऊन बसते. .४०ची पण बसते. केसफीडरमधून ती जोडगोळी सरळ साइझिंग डायखाली येते आणि डिकॅपिंग पिन (जुना प्रायमर बाहेर ढकलणारी) वाकते किंवा तुटते. तेव्हा ओतण्याआधी चाळणी. रिलोडिंगवाल्यांच्या चाळण्यांचा संच मिळतो, ९ खाली पडते, .४० मधल्यात, .४५ वरच्यात राहते. पोटात बसलेली मात्र चाळणीलाही फसवते, म्हणून .४५च्या ढिगातून एकदा हात फिरवून केसच्या तोंडात डोकावायचंच.

९ मिमीत आणखी दोन गोष्टी बघायच्या. नाटो शिक्क्याच्या लष्करी केसमध्ये प्रायमर कडेने चिमटलेला असतो. जुना निघतो, पण नवा चिरडतो, आधी खिसा (प्रायमरची जागा) स्वेज किंवा रीम, म्हणजे दाबून किंवा कोरून मोकळा करावा लागतो. आणि काही केसमध्ये आत पायरी असते. अशा केसचं पोट लहान, त्याच पावडरला दाब जास्त. त्या थेट भंगारात.

स्क्रूड्रायव्हर_ताई
.४५मध्येही एक फसवं पितळ आहे. काही कंपन्या .४५ला स्मॉल प्रायमर देतात, ब्लेझर ब्रास आणि फेडरलच्या काही केसेस तशा. लार्जची मांडणी असताना अशी केस आली की ५.३३चा प्रायमर ४.४५च्या खिशात घुसवायला बघतो. हँडल अडलं की तिथेच थांबा. प्रायमरची गाठ आहे, जोर लावायचा नाही. मॅगझिनमध्ये शंभर प्रायमर एकावर एक रचलेले असतात. एक फुटला आणि साखळी लागली तर ते पोलादी कवच आणि तुमचा चष्मा एवढंच मध्ये असतं. चष्मा घाला, नंबरचा नाही, सुरक्षेचा.

भांडुप_प्रेसशॉप
आमच्याकडेही हेच पहिलं शिकवतात. रॅम अडला तर फ्लायव्हील बंद कर, पुन्हा पेडल मारू नको.

शिवाजीपार्की
आता पावडर. पावडर मेजर एकच आहे. ९च्या टूलहेडवरून उचलून .४५च्या टूलहेडवर ठेवला, बोल्टने बार (पावडरचं माप घेणारी सरकती पट्टी) कमीजास्त केला, की झालं?

अडेलतट्टू
नाही झालं. मधला एक दुवा लोक विसरतात. हा मेजर केसने चालतो. केस वर जाते, फनेलला टेकते, फनेल वर ढकलला जातो आणि मग बार सरकतो. ९ची केस जास्तीत जास्त १९.१५ मिमी, .४५ची २२.८१. म्हणून पावडर डायची उंची दोन्हींना वेगळी. डाय गरजेपेक्षा वर राहिली तर बार टोकापर्यंत जात नाही. पावडर पडते, पण कमी पडते, आणि ती दर वेळी सारखीच कमी नसते. खाली गेली तर केसचं तोंड तुतारीसारखं फुलतं आणि पुढच्या डायच्या काठाला अडतं.

म्हणून आधी डाय वर ठेवायची, केस आत घालून हँडल पूर्ण ओढायचं, बार टोकाला टेकतो का बघायचं, टेकेपर्यंत डाय थोडीथोडी खाली. मग तोंड किती फुललं ते बघायचं. बुलेट हाताने ठेवल्यावर सरळ उभी राहते एवढंच पुरे. मग परत येताना फेलसेफ रॉड बार पूर्ण मागे आणतो का ते. त्याचा विंगनट ढिला असेल तर बार अर्ध्यावर थांबतो आणि पुढच्या केसला काहीच मिळत नाही. रिकाम्या केसमधला प्रायमर एकटाच बुलेटला नळीत ढकलून अडकवतो, आणि मागून दुसरी गोळी आली की नळी फुटते.

पितळेश्वर
आणि बोल्टचे फेरे मोजून वहीत लिहिलेलं सेटिंग पवित्र मानू नका. हवा, पावडरचा नवा डबा, हॉपरची पातळी, सगळ्याने थोडं हलतं. सुरुवातीला दहाएक माप टाकून परत हॉपरमध्ये ओता, पावडर बसू द्या. मग दहा मापं एकत्र तोला आणि दहाने भागा, त्यातली काही एकेकटीही तोला. काट्याला आधी चेक-वेट (काटा तपासायचं ठरीव वजन) लावा. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. दशांश ग्रेनचा फरक म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. भाजीवाल्याच्या काट्याचं काम नाही हे.

टेबलावर एका वेळी एकच पावडर. हॉपरवर नावाची पट्टी चिकटवलेली. बदल करताना जुना डबा आणि नवा डबा शेजारी उभे असतील, तर तो बदल तिथेच थांबवायचा.

चौकशीखोर
दुप्पट पावडर पडली तर डोळ्यांना दिसत नाही का?

अडेलतट्टू
कोणती पावडर, त्यावर आहे. ९ मिमीत फुगीर पावडर दुप्पट पडली तर वरून सांडते, लगेच कळतं. .४५ची केस मोठी. तिच्यात दाट, कमी मापाची पावडर दुप्पट मावते आणि वरून अंधारात ओळखू येत नाही. म्हणून .४५साठी अशी पावडर निवडा की एका मापाने केस निम्म्याच्या वर भरेल. ७५०वर तिसऱ्या स्टेशनला पावडर चेक लावता येतो. तो जास्त-कमी पातळीला शिट्टी देतो, पण दोन-चार दशांश ग्रेनचा फरक त्याला कळत नाही. तो फक्त दुप्पट आणि रिकामं पकडतो. त्याची दांडीही कॅलिबरप्रमाणे लावावी लागते. बुलेट ठेवताना प्रत्येक केसमध्ये डोळा घालायचाच, त्यासाठी मशीनवर दिवा लावा.

शिवाजीपार्की
सीटिंग-क्रिंपचे आकडे द्याल का? वजन नको, मापं.

स्क्रूड्रायव्हर_ताई
मापं चालतील ना, राखणदार? लिहितेय.

एकूण लांबीची कमाल मर्यादा: ९ मिमीला २९.६९ मिमी, .४५ला ३२.३९. ही मर्यादा आहे, लक्ष्य नाही. नेमकी लांबी बुलेटच्या आकारावर, मॅन्युअलमध्ये त्या बुलेटला दिलेली. लांबी कमी केली की दाब वाढतो, ९ मिमीत तर झपाट्याने.

क्रिंप: दोन्ही कॅलिबर केसच्या तोंडावर टेकून नळीत बसतात, म्हणून टेपर क्रिंप. आधी फुलवलेलं तोंड सरळ करण्यापुरताच. तोंडाजवळ व्हर्निअर लावला तर ९ला ९.६५च्या आसपास, .४५ला १२च्या जरा आत. .३८ स्पेशलसारख्या रिमवाल्या केसचा रोल क्रिंप (तोंड आत वळवणारा) इथे लावला तर केस नळीत खोल जाते.

सीटिंग डायचा आतला स्टेम उलटवता येतो. एका बाजूला गोल नाकाच्या बुलेटसाठी, दुसऱ्या बाजूला चपट्या. उलटा राहिला तर गोल बुलेटच्या नाकावर कडी उमटते आणि लांबी उड्या मारते.

शेवटी पिस्तुलाची नळी काढून हातात घ्या आणि काडतूस आत सोडा. 'टक' करून बसलं पाहिजे आणि नळी उलटी केल्यावर आपोआप पडलं पाहिजे. केस गेज (काडतूस घालून माप तपासायचा साचा) असेल तर उत्तम, पण नळीचा निकाल अंतिम.

धागा_राखणदार
मापं चालतील.

खटका
'नळीचा निकाल अंतिम' ही आमच्या चाळीतली म्हण होती. पालिकेच्या पाण्याबद्दल.

भांडुप_प्रेसशॉप
एक शंका. टूलचं सेटिंग एवढं नाजूक, तर प्रत्येक टूलहेडवर स्वतःचा पावडर मेजर का नाही लावत?

पितळेश्वर
ज्यांना परवडतं ते लावतात. फायदा आहे, पण वेळ वाचतो म्हणून तोलणं टाळू नये. मी क्रम असा धरेन: आधी दुसरं टूलहेड आणि पावडर डाय, मग प्रायमरचा दुसरा पूर्ण संच, मग जमलं तर मेजर. प्रायमरचा संच दोन स्क्रूंनी निघतो, पूर्ण जोडलेलाच बदलला की कप, पंच, ट्यूब सुटे करत बसावं लागत नाही. सुटे करत बसलात तर प्लेट आणि टूलहेडला पाच-दहा मिनिटं आणि प्रायमरला त्याहून जास्त.

अडेलतट्टू
आता तिसऱ्या प्रश्नावर येऊ, तो सगळे विसरले. दुसरं मशीन. .४५ महिन्याला शे-दोनशेच लागणार असेल तर डिलनचंच चार स्टेशनचं ५५० पुरतं. प्लेट हाताने फिरवायची, केसफीड नको, कन्व्हर्जनला भाग कमी. पण हाताने फिरवायचं म्हणजे फिरवायचं विसरताही येतं, आणि मग त्याच केसला दुसऱ्यांदा पावडर. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून करायचं काम आहे ते.

स्क्रूड्रायव्हर_ताई
मी उलट म्हणेन. दोन मशीनं म्हणजे दोन पावडरी, दोन प्रायमर, एकाच गॅरेजमध्ये एकाच वेळी. एकच मशीन ठेवा आणि बदल कमी करा. सगळं ९ आधी, सहा महिन्यांचं. मग बदल. मग सगळं .४५. उद्या .३८ आलं तर तेही स्मॉल प्रायमर, ते ९ला लागून घ्या म्हणजे प्रायमरला हात लावावा लागणार नाही. बदलांचा क्रम कॅलिबरने लावू नका, प्रायमरने लावा.

पितळेश्वर
यावरून सुचलं. मघाशी ताईंनी स्मॉल प्रायमरच्या .४५ केसेसना फसवं पितळ म्हटलं. शिवाजीपार्की, तुमच्या मेव्हण्यासाठी तेच सोन्याचं आहे! त्याने फक्त त्याच गोळा केल्या तर ९वरून .४५ला जाताना प्रायमरचा संच बदलावाच लागत नाही. उरतात प्लेट, बटणं, केसफीड, टूलहेड आणि पावडर. लार्ज प्रायमरचे पार्ट्स विकत घ्यायची गरजही नाही. प्रायमर बदलला की पावडरचं माप मात्र मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्यापासून पुन्हा चढवत यायचं, लार्जचं माप तसंच उचलायचं नाही.

अडेलतट्टू
पण मग त्यात एकही लार्जवाली केस येता कामा नये. त्यात स्मॉल प्रायमर बसतच नाही, सैल पडतो, आणि पावडर भोकातून खाली प्लेटवर सांडते.

पितळेश्वर
येईलच एखादी. म्हणून निवड केसफीडरमध्ये ओतण्याआधी, ट्रेमध्ये बुडं वर करून. शंभर केसेस एकदम नजरेखालून जातात, मोठा खिसा लगेच डोळ्यात भरतो.

शिवाजीपार्की
झालं, यादी बदलली. १ नंबरचं किट, .४५ डाय सेट, टूलहेड, पावडर डाय, लार्ज पिस्टल थाळी, चाळणीचा संच, चेक-वेट. प्रायमरचा लार्ज संच काट. मेव्हण्याला विचारलं, त्याच्या क्लबात .४५चं पितळ कोण उचलतं? म्हणाला, सगळे लार्जवालं उचलतात आणि स्मॉलवालं लाथेने बाजूला करतात.

स्क्रूड्रायव्हर_ताई
मग त्याला बादली घेऊन पाठवा. आणि परत आल्यावर आधी हात धुवायला, गार पाण्याने आणि साबणाने, जेवायच्या आधी.